फुटक्या कपबश्यांचं मोझेक पावसाळ्यात टिकवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर रत्नागिरीजवळ, बाग उघड्यावर. गेल्या उन्हाळ्यात मातीच्या कुंडीवर कपबश्यांचे तुकडे लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवले, फटींत भिंतीची पुट्टी भरली आणि गणपती येईतो निम्मे तुकडे गळून पडले. आता आणखी माल साठलाय. उरलेल्या टाइल्स, बांगड्या, आरशाचे तुकडे, जुन्या सीडी, एक तडकलेली लोणच्याची बरणी. त्यातून तुळशीवृंदावन, पक्ष्यांसाठी पाण्याचं ताट आणि पायवाटेच्या चार फरश्या करायच्या आहेत. तर गोंद कुठला वापरू?

गोंद बदलून अर्धंच काम होईल. बाहेर ठेवायचं मोझेक हे गवंडीकाम आहे, आणि आपण ते हस्तकला म्हणून करायला बसतो, तिथेच घोळ होतो. नक्षी, रंगसंगती यांवर आठवडाभर विचार होतो. मागून पाणी कुठून येईल यावर पाच मिनिटंही नाही.

तुमच्या कुंडीचंच बघू. पांढरा गोंद त्यातलं पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो आणि सतत ओल लागली की पुन्हा मऊ पडतो. पुट्टी ही रंगाआधी भिंत गुळगुळीत करायचा पातळ थर. दोन तुकड्यांमधली खोल फट भरून वर कोकणातला पाऊस झेलणं तिचं काम नव्हे. पण यांहून मोठं कारण तिसरं आहे. भाजलेल्या मातीची कुंडी पाझरते. झाडाला घातलेलं पाणी भिंतीतून बाहेर येतं, एरवी ते वाऱ्यावर सुकून जातं. तुम्ही बाहेरून चिनीमातीचं कवच चढवलंत, त्यामुळे ते पाणी तुकड्यांच्या पाठीशी अडून राहिलं. वरून पाऊस नसता तरी ती कुंडी फार तर वर्ष-दीड वर्ष टिकली असती.

आपल्याकडे हे काम जुनंच आहे. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर पांढऱ्या टाइलच्या ठिकऱ्या सिमेंटात बसवलेल्या दिसतात, मिस्त्री लोक त्याला चायना मोझेक म्हणतात. खाली उतार काढलेला कोबा, वर ठिकऱ्या. पाणी वाहून जातं आणि पांढरा रंग ऊन परतवतो म्हणून खालची खोली कमी तापते. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादच्या आपल्या ‘संगाथ’ या कार्यालयाच्या कमानदार छपरांवर हेच वापरलं. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी हीच गोष्ट मूर्तिकामात आणली. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक होते. १९५७च्या सुमारास सरकारी जंगलाच्या जागेत त्यांनी गुपचूप काम सुरू केलं आणि १९७६मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. तिथल्या बांगड्यांच्या बायका-बाहुल्या जवळून पाहिल्या तर कळतं की गोंदाचा कुठे संबंधच नाही. आत लोखंडाचा सांगाडा, त्यावर सिमेंट, आणि ते ओलं असतानाच बांगड्यांचे तुकडे त्यात रोवलेले. तुमच्या गावात गच्चीचं काम करणारा एखादा जुना मिस्त्री असेल तर त्याच्याशी अर्धा तास बोला. मोबाइलवरच्या दहा व्हिडिओंपेक्षा जास्त मिळेल.

आता तुमच्या ढिगाऱ्यातलं काय घ्यायचं ते सांगते. कपबश्या, टाइल्स, बरणी, काचेच्या बांगड्या, बाटल्या हे सगळं चालेल. बरणी तर सोनं आहे. ती जाड, कमी पाणी पिणारी, आणि तिचा तो पिवळट-तपकिरी रंग दुसऱ्या कशात मिळत नाही. भिंतीच्या साध्या टाइलचं अंग मागून सच्छिद्र असतं, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी ती शोषू शकते; व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल अर्धा टक्काही शोषत नाही. म्हणून सतत पाण्यात राहणाऱ्या वस्तूला व्हिट्रिफाइड आणि चिनीमाती, उभ्या वस्तूला भिंतीची टाइल, अशी वाटणी करा. व्हिट्रिफाइड हातानं तोडायला मात्र जीव जातो, हे आधीच सांगून ठेवते. कपांवरची सोनेरी किनार चकाकीच्या वर छापलेली असते, ती काही पावसाळ्यांत पुसट होणार. तेवढं मनाशी धरून वापरा.

सीडी टाकून द्या. म्हणजे भंगारात द्या, पण बागेत नको. ती प्लॅस्टिकची चकती, चकाकणारा पापुद्रा तिच्या एका अंगाला असतो आणि ऊन-पावसात तो सुटतो. शिवाय सिमेंट प्लॅस्टिकला धरत नाही. लाखेच्या आणि मुलामा दिलेल्या बांगड्याही बाजूला काढा. आरसा वापरता येतो, पण त्याची पाठ नाजूक असते. ओल्या सिमेंटातला अल्कली कडेनं आत शिरतो आणि चांदी काळी पडत जाते. वापरायचाच असेल तर पाठीला आणि कडांना पारदर्शक इपॉक्सीचा (दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनचा) हात द्या, पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. नखाएवढेच तुकडे घ्या. मोठ्या आरशात बुलबुल स्वतःलाच शत्रू समजून चोची मारत बसतो.

जाता जाता एक गोष्ट. प्लॅस्टिकची बादली, डबा, बाटली यांवर बाहेरचं मोझेक करू नका, कितीही जण करत असले तरी. उन्हात प्लॅस्टिक सिमेंटच्या जवळपास दहापट फुगतं आणि रात्री तेवढंच आकसतं. एका उन्हाळ्यात सगळे सांधे भेगाळतात. लाकूड पाण्यानं फुगतं, पातळ पत्रा गंजून पोपडे धरतो. सिमेंटची कुंडी, दगड, पक्की वीट, जाड बिडाची कढई हे उत्तम. मातीची कुंडी चालते, पण तिच्यावर मेहनत आहे.

तुळशीवृंदावन तुम्ही विटांचं बांधून घेणार की सिमेंटचं तयार आणणार, ते लिहिलेलं नाही. तयार आणलंत तर त्याचा ऑइलपेंट तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं पूर्ण खरवडा. रंगावर चिकटवलेला तुकडा रंगाबरोबर पडतो. आतल्या बाजूला दोन घटक मिसळून करतात ते सिमेंट-पॉलिमरचं वॉटरप्रूफिंग कोटिंग दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. खालचं भोक मोकळं ठेवा. आणि तुळस थेट त्यात लावू नका. नर्सरीच्या कुंडीसकट आत ठेवा, भोवती विटांचा चुरा भरा. मुळांचा दाब आणि रोजचं पाणी या दोन्हींपासून भिंत सुटते. दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी रोप बदलायचं असेल तरी वृंदावन उकरावं लागत नाही.

बाहेरच्या अंगाला सिमेंट आणि एसबीआर लेटेक्स पाण्यात कालवून पातळ, खरबरीत हात द्या. हार्डवेअरच्या दुकानात गिलाव्यात मिसळायचं दुधासारखं द्रव मिळतं तेच हे. तो थर दुसऱ्या दिवशी हाताला टोचला पाहिजे.

चिकटवायला टाइल ॲडेसिव्हच. हा टाइल चिकटवायचा सिमेंटचा तयार पूड-माल. पोत्यावर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि टाइप १ ते ५ असं लिहिलेलं असतं; बाहेरच्या कामाला टाइप २ किंवा त्यावरचं घ्या. काचेच्या बांगड्या आणि बाटल्यांसाठी पांढरं, कारण करड्याची सावली काचेतून वर दिसते आणि हिरवी बांगडी मळकी वाटते. माल फार लागत नाही. एक चौरस मीटरला तीन मिलिमीटर जाडीचा थर धरला तर साधारण साडेचार किलो. पाऊण मीटर घेराच्या आणि पंचवीस सेंटिमीटर उंच कुंडीला एक किलोही पुरतो. पोतं मात्र बहुधा वीस किलोचं येतं आणि एकदा फोडलं की कोकणच्या दमट हवेत उरलेलं गोळे धरतं. त्यामुळे शेजारीपाजारी कुणाकडे टाइलचं काम चालू असेल तर त्या मिस्त्रीकडून डबाभर मागून घ्या. तुटक्या टाइल्सही तिथेच फुकट मिळतील.

तुकडे करताना डोळ्यांवर गॉगल हवाच, चष्मा असला तरी. टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडायची. बशीला मात्र हातोडी लावू नका, तिला चाकाचा निपर घ्या. दोन छोटी कठीण चाकं असलेली पक्कड असते ती. नवशिके बशी निपरमध्ये खोलवर घालतात आणि जोर लावतात, मग तिचा भुगा होतो. चाकांनी कडेला फक्त दोन-तीन मिलिमीटर धरायचं आणि मूठ हलकेच आवळायची. तडा आपणहून पुढे पळतो, चाकं ज्या दिशेनं रोखलेली असतील साधारण त्याच दिशेनं. आधी बशी अर्धी, मग पाव, मग पाचरी. बुडाची उभी कड असलेला भाग वेगळा काढा, कारण ती पाठीमागे राहिली तर तुकडा बसत नाही, डुगडुगतो. कपाच्या अंगाचे तुकडे वाकडे असतात. ते सपाट फरशीवर कधीच नीट बसणार नाहीत, पण कुंडीच्या किंवा वृंदावनाच्या गोलाईला छान लागतात. सपाट कामाला बशीचा मधला भाग ठेवा. तोडलेल्या कडा धारदार असतात. जुन्या सुरी-दगडावर पाण्यात घासून धार बोथट करा. कोरडं घासायचं नाही, चिनीमातीची धूळ छातीत जाते, आणि जुन्या भांड्यांच्या चकाकीत शिसंही असू शकतं.

ॲडेसिव्ह कालवताना आधी पाणी, मग पूड. श्रीखंडाइतकं घट्ट झालं की पाच मिनिटं तसंच ठेवून पुन्हा ढवळा. हातमोजे घाला, ओलं सिमेंट कातडी खातं आणि ते संध्याकाळी कळतं. एका वेळी तळहाताएवढ्या जागेवरच थर लावा. तुकड्याच्या पाठीलाही चाटण द्या आणि किंचित हलवत दाबा. बाजूनं माल वर यायला हवा, पण तुकड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. त्यावर आला तर काडीनं लगेच काढा, नाहीतर दर्जा, म्हणजे तुकड्यांमधल्या फटी, भरायला जागा उरत नाही. थरावर साय धरली, बोटाला लागेनासा झाला, की खरवडून नवा लावायचा. वर पाणी शिंपडून तो जिवंत होत नाही. तुकड्यांमधली फट तीन ते पाच मिलिमीटर, आणि शक्यतो सारखी. मोझेक सुंदर दिसतं ते पुष्कळदा फटींमुळे. रंग कितीही चांगले असोत, एक फट बोटभर आणि दुसरी केसाएवढी असली की काम गबाळं वाटतं.

दुसऱ्या दिवशी एखाद्या नाण्यानं प्रत्येक तुकड्यावर टिचकी मारत जा. नीट बसलेल्याचा आवाज भरीव येतो. बद्द वाजला तर मागे पोकळी आहे, तो आत्ताच उचकटून पुन्हा बसवा. त्या पोकळीतच पुढे पाणी साठतं.

दर्जा भरणं, म्हणजे ग्राउट, निदान चोवीस तासांनी. हवा दमट असेल तर दोन दिवसांनी. तीन मिलिमीटरच्या वरच्या फटींना वाळू असलेलं ग्राउट लागतं. नुसतं पांढरं सिमेंट भरलं तर ते वाळताना आकसतं आणि केसासारख्या भेगा पडतात. तयार ग्राउट मिळालं नाही तर पांढऱ्या सिमेंटात तितकीच चाळलेली बारीक वाळू आणि पाण्यात थोडं एसबीआर घाला. रंग हवा असेल तर कोब्यात घालतात तो ऑक्साइड. सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांवर जाऊ नका, ताकद कमी होते. माझं मत विचाराल तर पांढरं ग्राउट टाळा. एका पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं, आणि पांढऱ्यात कपबश्यांचे फिके रंग आणखी फिके पडतात. गडद करड्यात तेच तुकडे उठून दिसतात.

रबराच्या थापीनं तिरप्या हातानं दाबून भरा. पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजानं पुसा, मग तासाभरानं कोरड्या फडक्यानं. पाणी जास्त झालं तर दर्जा खोल जातात आणि रंग डागाळतो. टाइलवाल्यांचं ॲसिड पुसायला घेऊ नका. ते सिमेंट खातं, आणि बशीवरचं सोनंही. नंतर ओल्या गोणपाटाखाली चार-पाच दिवस झाकून ठेवा, रोज पाणी मारा. बादलीतलं ग्राउटचं पाणी मोरीत ओतायचं नाही; गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी रिकाम्या जागेत टाका आणि गाळ कचऱ्यात. पाईपमध्ये जमलेलं सिमेंट कोणताही प्लंबर काढू शकत नाही.

पायवाटेच्या फरश्या उलट्या पद्धतीनं करा, म्हणजे वरचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो. जाड खाकी कागदावर गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ लावून तुकडे उलटे, चकाकी खाली, चिकटवायचे. नक्षी उलटी होते, हे अक्षर काढताना विशेष लक्षात ठेवा. जुन्या परातीच्या तळाला तेलाचा हात देऊन कागद त्यात ठेवा, फटींत पातळ सिमेंट सोडा, वर एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळूचा दोन-अडीच सेंटिमीटर थर, मग कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, पुन्हा थर. एकूण जाडी पाच सेंटिमीटर तरी हवी, नाहीतर पाय पडला की मधून तडकते. तीन दिवसांनी उलटवा, कागद ओला करा, खळ विरघळते आणि कागद सोलून निघतो. एक धोका सांगायलाच हवा: चकाकीच्या टाइलवरून जूनमध्ये माणूस घसरतो. फरशीत निम्म्याहून जास्त जागा खरबरीत तुकड्यांना, खापरांना आणि रुंद फटींना द्या. सगळी चमक कडेला ठेवा.

पक्ष्यांचं ताट उथळ असू द्या, मध्यात फार तर पाच सेंटिमीटर, कडेला दोन. जुन्या बिडाच्या तव्यावर किंवा सिमेंटच्या थाळीवर करा. आतल्या बाजूला इपॉक्सी ग्राउट वापरलंत तर पैसे जास्त जातात, पण पाणी मुरत नाही. सिमेंटचंच ग्राउट असेल तर आठवडाभर पाणी भरून रोज ओतून द्या, मगच पक्ष्यांसाठी ठेवा. ताज्या सिमेंटचं पाणी खारट-अल्कलीचं असतं. पुढेही पाणी दर दोन दिवसांनी बदलत जा, डासांची अंडी आठवड्याभरात डास होतात.

गोल गोळे करायचा मोह सगळ्यांना होतो, तुम्हालाही होईल. तीस सेंटिमीटर व्यासाचा भरीव काँक्रीटचा गोळा चौतीस किलोच्या आसपास भरतो, तो गॅलरीत चढवायचा विचारही नको. रद्दी आणि जाळीचा गाभा करून वर दोन सेंटिमीटर गिलावा केला तर तेच काम अकरा-बारा किलोत होतं. गोलाईला तुकडे लहान लागतात, बोटाच्या पेराएवढे.

वेळ दिवाळीनंतरची निवडा, माघापर्यंत. एप्रिल-मेच्या उन्हात माल हातातच वाळतो, आणि सिमेंटला पूर्ण ताकद यायला चार आठवडे लागतात, म्हणजे मेअखेर केलेलं काम पहिल्याच सरीत कच्चं सापडतं. पांढरी बुरशीसारखी पूड दर्जांवर आली तर घाबरू नका, तो लोणा आहे; कोरड्या ब्रशनं झाडा. दरवर्षी आली तर मागून कुठूनतरी पाणी मुरतंय असं समजा आणि आतलं कोटिंग तपासा.

तुकडा निखळलाच तर जागा छिन्नीनं मोकळी करा, धूळ ब्रशनं झाडा, पाण्याचा हात देऊन नव्या ॲडेसिव्हनं बसवा आणि तेवढ्याच दर्जा भरा. त्यासाठी प्रत्येक रंगाचे मूठभर तुकडे आणि ग्राउटची थोडी पूड हवाबंद डब्यात ठेवा, डब्यावर रंगाचं नाव आणि क्रमांक लिहा. पुढच्या वर्षी दुकानात तोच रंग मिळेलच असं नाही.